ब्रीदरमधून ऑइल येतंय? चेंबर उघडण्याआधी हे बघा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० अजून इतक्या आहेत, की पावसाळ्याच्या तोंडाला कुणाचं ना कुणाचं इंजिन उघडलेलं असतंच. उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, पण केए-२२ आणि केए-२३ नंबरच्या त्या गाड्या भंगारात घालायला कुणी तयार नाही. मग फुल इंजिनचं काम निघतं. क्रँकला (पिस्टनच्या ये-जेचं फिरणं करणाऱ्या दांड्याला) नवा कनेक्टिंग रॉड, बोअर, पिस्टन, बेअरिंगं, सगळी ऑइल सीलं. गाडी पहिल्या किकला चालू होते, मालक खूश. चार दिवसांनी मागच्या रिमवर ऑइलचे शिंतोडे दिसतात, आणि माग काढत गेलं की बोट येऊन थांबतं गियरबॉक्सच्या ब्रीदर पाईपावर.

अशा वेळी कट्ट्यावरचा सल्ला ठरलेला असतो. "बूच मारून टाक की, कशाला डोकं खायलास?" पाईपात बोल्ट ठोकला, वरनं क्लॅम्प आवळला, की गळती खरंच थांबते. थोडेच दिवस. मग चेन-स्प्रॉकेटच्या मागच्या सीलमधनं ऑइल यायला लागतं, मग किक शाफ्टमधनं, मग गियर शाफ्टमधनं. कारण दाब कुठं गेलेलाच नसतो. त्याला एक दार बंद केलंत, तो दुसरं शोधतो. तेवढं एक करू नका. बाकीचं सावकाश, एकेक करत बघू. क्रमही महत्त्वाचा आहे: फुकटातल्या तपासण्या आधी, चेंबर, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, उघडायचं काम सगळ्यात शेवटी. पुष्कळ गाड्यांचं दुखणं पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सापडतं, आणि तरीही पुष्कळांची इंजिनं पुन्हा उघडली जातात, कारण पायऱ्या कुणी चढतच नाही.

ब्रीदर असतो कशाला

गियरबॉक्समध्ये ऑइल असतं आणि त्यावर हवा असते. गाडी पळाली की दोन्ही तापतात. ३० अंशावरची हवा ९० अंशाला गेली की साधारण २० टक्के फुगते. ऑइलही फुगतं, पण कमी, म्हणजे ६० अंशांच्या फरकाला चारेक टक्के. या वाढीला बाहेर जायला वाट हवी आणि गार होताना हवा परत आत यायलाही वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. ठीकठाक गाडीत त्यातून हवा जाते-येते. पाईपाच्या टोकाला थोडा ओलसरपणा, धूळ चिकटलेली, एवढं चालतं. थेंब पडायला लागले तर मात्र आत तीनपैकी एक गोष्ट आहे: ऑइल जास्त आहे, ऑइलला फेस येतोय, किंवा नको तिथनं दाब गियरबॉक्समध्ये घुसतोय.

तिसरं कारण टू-स्ट्रोकवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा क्रँक चेंबर हा स्वतः एक पंप असतो. पिस्टन वर गेला की तो कार्बोरेटरमधनं मिश्रण ओढतो, खाली आला की तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधनं वर ढकलतो. शेजारीच गियरबॉक्स. दोघांच्या मध्ये काय आहे? क्लचच्या बाजूचं एक क्रँक सील आणि चेंबरच्या दोन अर्धुकांचा सांधा. यांतलं काहीही चुकलं की पंपाचा दाब थेट गियरबॉक्समध्ये, आणि तिथनं ब्रीदरच्या वाटेनं ऑइलसकट बाहेर. म्हणूनच इंजिन बांधल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती वेगळी वागवायची असते. दहा वर्षं चाललेल्या इंजिनात सील म्हातारं होतं. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात ते चुकीचं, तिरकं किंवा फाटलेलं बसलेलं असू शकतं.

आधी खात्री करा, ऑइल तिथलंच आहे का

हे फारसं कुणी करत नाही. वाऱ्यामुळं आणि उतारामुळं ऑइल नेहमी खाली आणि मागं पळतं. त्यामुळं जिथं ते टपकतं तिथनं ते निघालेलं असतंच असं नाही. ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रॉकेल किंवा डिझेलनं ब्रश मारून स्वच्छ धुवा, कापडानं पुसा, वाळू द्या. चेनवरचं कव्हर काढा, कारण अर्ध्या भानगडी तिथंच लपलेल्या असतात. मग चेंबरवर, ब्रीदरच्या नळीच्या बुडाशी, स्प्रॉकेटच्या मागं, किक शाफ्टभोवती साधी टाल्कम पावडर फुंकरा. घरात असेल ती चालते. गाडी पाच-सहा किलोमीटर चालवा. उद्यमबागेपासनं पिरनवाडीपर्यंत जाऊन आलं तरी भागतं. परत येऊन बॅटरी मारून बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटलेली असते.

फसवणारे तिघे नेहमीचे. एक, स्प्रॉकेटच्या मागचं सील किंवा त्या शाफ्टवरच्या कॉलरच्या आतली ओ-रिंग. इंजिन बांधताना सील नवं घालतात आणि आतली ओ-रिंग जुनीच राहते. ऑइल मग कॉलरच्या आतनं, शाफ्टच्या अंगानं येतं आणि नवं सील उगाच बदनाम होतं. दोन, चेनला मारलेलं ऑइल. तीन, सायलेन्सरच्या तोंडातनं किंवा कार्बोरेटरच्या रबरातनं झिरपणारं काळपट, पेट्रोलचा वास असलेलं टूटी (पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोकचं) ऑइल. ते गियरबॉक्सचं नव्हेच.

नळी तिच्या बुडाशी कोरडी आणि टोकाशी ओली असेल तर ऑइल ब्रीदरच्या आतनं येतंय हे पक्कं झालं. बुडाशीच ओलं असेल तर नळी सैल आहे किंवा निपल, म्हणजे नळी बसते ते चेंबरवरचं तोंड, हलतंय. एक क्लॅम्प, आणि काम संपलं.

किती ऑइल घातलं होतं?

मिस्त्रीला विचारा. उत्तर बहुतेक वेळा "एक बाटली" असं येतं. पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: नेहमीच्या ऑइल बदलाला किती आणि इंजिन पूर्ण उघडून बांधल्यावर किती. दुसरा आकडा थोडा मोठा असतो, कारण कोरड्या चेंबरचे कानेकोपरे भरायचे असतात. गोंधळ दोन्हीकडनं होतो. कुणी बांधणीचा आकडा पुढच्या साध्या बदलालाही घालतो. कुणी बांधताना बेअरिंगांवर, गियरवर सढळ हातानं ऑइल ओततो आणि वर पूर्ण माप वेगळं घालतो. आणि मालक? तो साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीत डिपस्टिक बघतो, कमी दिसतं म्हणून आणखी घालतो.

लेव्हल बघायची ती गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, थोडा वेळ चालवून मग बंद करून चार-पाच मिनिटं थांबल्यावर. कुठं डिपस्टिक असते, कुठं काच, कुठं नुसता लेव्हलचा स्क्रू. डिपस्टिक असेल तर ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअल सांगतं. होंडाच्या घराण्यातल्या बहुतेक इंजिनांत, म्हणजे स्प्लेंडरसकट, ती नुसती टेकवतात. आटे फिरवून बघितलं की लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

शंका राहिली तर सरळ ड्रेन करा. गरम असताना, स्वच्छ भांड्यात, आणि मग मापाच्या बाटलीत ओता. घातलं किती आणि निघालं किती हे लिहून ठेवा. या दोन आकड्यांना पुढं मोल येणार आहे. जास्त निघालं तर मॅन्युअलप्रमाणे भरा, नळी पुसा आणि आठवडाभर गाडी चालवा. गळती थांबली तर विषय संपला. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये टाका.

निघालेलं ऑइल काय सांगतं

ड्रेन केलंच आहे तर ते ऑइल उजेडात न्या. नवशिक्यांनी इथं वेळ द्यावा, पैसे लागत नाहीत.

दुधाळ, चहाच्या रंगाचं ऑइल म्हणजे आत पाणी. खानापूरकडच्या गाड्यांत हे जून ते सप्टेंबर हमखास बघायला मिळतं. कारण साधं आहे. तापलेलं इंजिन ओढ्याच्या पाण्यात उतरलं की चेंबर झटक्यात गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या टोकानं जे समोर असेल ते आत ओढते. हवा असेल तर हवा, पाणी असेल तर पाणी. पाण्यानं लेव्हल वाढते, फेस होतो, आणि तो फेस पुन्हा त्याच नळीतनं बाहेर पडतो. अशा वेळी ऑइल एकदा बदलून भागत नाही. स्वस्तातलं ऑइल भरून थोडं फिरवून काढा, मग चांगलं भरा.

ऑइल पातळ, बोटांना चिकटत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय? मग जागे व्हा. पेट्रोलचं मिश्रण क्रँक चेंबरमधनं गियरबॉक्समध्ये जातंय. असं ऑइल ठेवून गाडी पळवायची नाही, कारण गियरची आणि बेअरिंगांची वंगणाची पातळ फिल्म तुटते. वास घेताना शेजारी कुणी बिडी पेटवत नाही ना, तेही बघा.

उलट ऑइल स्वच्छ आहे पण कमी निघालं, ब्रीदरमधनं तेवढं गेल्याचं दिसत नाही, आणि सायलेन्सरमधनं गाडी तापल्यावरही दाट पांढुरका धूर येतोय, प्लग ओला काळा. तेच क्लच बाजूचं सील, पण उलट्या दिशेनं गळतंय. पिस्टन वर जाताना क्रँक चेंबर गियरचं ऑइल ओढून जाळतोय. एकच सील ओढतंही आणि ढकलतंही. त्यामुळं धूर आणि ब्रीदरची गळती एकत्र दिसली तर संशय बराच पक्का धरायला हरकत नाही.

नुसता फेस असेल, पाणी नाही, वास नाही, तर घातलेलं ऑइल कुठलं ते बघा. या इंजिनात क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. बाटलीवर जासो एमए असं लिहिलेलं मोटरसायकलचं ऑइल हवं. मोटारीच्या गॅरेजातनं उरलेलं कारचं ऑइल घातलं की क्लच घसरतो तो घसरतोच, वर फेसही येऊ शकतो. ग्रेड मॅन्युअलमधली. "दाट घातलं की गळणार नाही" या हिशेबानं एसएई ९० ओतू नका. सकाळी क्लच सुटत नाही आणि पहिला गियर खाडकन पडतो.

वाट मोकळी आहे का

ब्रीदरची नळी काढा. फिलरचं बूच उघडं ठेवा आणि निपलमधनं तोंडानं हलकं फुंका. फिलरच्या भोकातनं हवा आल्याचा आवाज यायला हवा. कॉम्प्रेसर लावू नका. कॉम्प्रेसरच्या हवेनं चांगली सीलं जागची उठतात.

हवा जात नसेल तर बांधणीतली घाण अडकली आहे. चेंबर सँडब्लास्ट किंवा बफिंगला दिला असेल तर त्या बारीक भोकात वाळू आणि बफिंगचं काळं मेण बसतं. सांध्याला सीलंट जास्त फासलं असेल तर आवळल्यावर ते आत पिळून येतं आणि वाटेत लोंबतं. मऊ तारेनं आणि रॉकेलनं वाट मोकळी होते. वाळू निघाली तर मात्र स्वस्थ बसू नका. जी वाळू ब्रीदरमध्ये आहे ती बेअरिंगमध्येही असणार.

दुसरी शक्यता उलटी आहे: वाट जरा जास्तच मोकळी. काही इंजिनांत ब्रीदरच्या तोंडाशी आत एक पत्रा किंवा भिंत असते. गियरनं उडवलेलं ऑइल थेट भोकात जाऊ नये म्हणून ती आडवी घातलेली. जुना मिस्त्री ती आठवणीनं लावतो. घाईत काम करणारा "ही पट्टी जास्तीची उरली" म्हणून डब्यात टाकतो. इंजिन देताना उरलेल्या वस्तूंचा डबा मागून घ्या. त्यात काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं.

आता नळी. कंपनीची नळी निपलपासनं आधी वर चढते आणि मग खाली येते. त्या चढाला अर्थ आहे. वर गेलेले ऑइलचे थेंब त्या चढावर थांबतात आणि परत आत ओघळतात. दुकानातनं पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा आणून सरळ खाली सोडला की ही सोय गेली. टाकीखाली नळी चेपली आहे का, बॅटरीच्या पट्टीत अडकली आहे का, टोक मागच्या टायरकडं तर वळलेलं नाही ना, हेही बघा. शेवटचं गमतीत घेऊ नका. चोर्ला घाटाच्या वळणावर टायरच्या कडेला ऑइलचा एक पट्टा असणं म्हणजे काय, हे पावसात गाडी घातलेल्याला सांगायला नको.

बाटली आणि साबणाचा फेस

एवढं करूनही ऑइल येत असेल तर ते कधी येतं हे पकडायचं. ब्रीदरला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक एका छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडा. बाटलीच्या झाकणाला आणखी एक भोक ठेवा. झाकण घट्ट केलंत तर तुम्हीच बूच मारलंत. बाटली फ्रेमला बांधा, टायर पुसून घ्या, आणि दोन प्रकारे चालवा. एकदा गावात, सावकाश, सिग्नल-सिग्नलनं. एकदा हायवेला काकतीच्या पुढं वंटमुरीच्या चढाला, जिथं इंजिनला दम लागतो. सावकाशीत बाटली कोरडी आणि चढाला ओली, असं असेल तर दाब किंवा फेस, दोन्ही शक्य. गाडी जागेवर उभी, इंजिन नुसतं चालू, तरीही भरत असेल तर दाबच.

आता खरी गंमत. गाडी न्यूट्रलवर चालू ठेवा, पाच मिनिटं तापू द्या. नळीच्या टोकाला साबणाचा फेस लावा, म्हणजे टोकावर एक पापुद्रा धरेल. टू-स्ट्रोकच्या गियरबॉक्समध्ये वरखाली होणारं काहीच नसतं. त्यामुळं तो पापुद्रा तापण्याबरोबर हळूच फुगेल, एखादा फुटेल आणि मग शांत होईल. तो जर इंजिनच्या ठोक्याबरोबर थरथरत असेल, अ‍ॅक्सिलरेटर दिला की फुगे भराभर सुटत असतील, तर क्रँकचा दाब गियरबॉक्समध्ये येतोय. टोक पाण्याच्या ग्लासात बुडवूनही हेच दिसतं, पण इंजिन बंद करण्याआधी ग्लास काढा. नाहीतर गार होताना पाणी आत.

फोर-स्ट्रोकला ही परीक्षा लावू नका. तिथं बहुतेक गाड्यांत क्रँक आणि गियर एकाच चेंबरमध्ये असतात, पिस्टनच्या हालचालीनं ठोका येणारच.

बीपीचा फुगा

साबणानं संशय दिला. निकाल देते प्रेशर टेस्ट. त्याचं महागडं किट मिळतं, पण डॉक्टरकडचा जुना, घड्याळवाला बीपीचा फुगा यासाठी उत्तम. त्याची तबकडी ३०० पर्यंत असते आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय. टू-स्ट्रोकचा क्रँक तपासायला जगभर वापरतात तेवढाच दाब. त्याच्या फार वर गेलात तर चांगलं सीलही बसल्या जागेतनं सरकेल.

कार्बोरेटर काढा. रबर मॅनिफोल्डच्या तोंडात घट्ट बसेल असं रबराचं बूच घाला आणि त्यातनं बीपीची नळी आत न्या. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा जाड तुकडा आणि त्यावर पट्टी दाबून बांधा. टूटी ऑइलचा पंप असेल तर त्याची नळी चिमटा. प्लग घट्ट करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडतात आणि सिलिंडर आणि क्रँक एकच जागा होतात. गियरबॉक्सची ब्रीदर नळी उघडी ठेवा, टोकाला साबण.

आता हळूहळू २८० पर्यंत भरा आणि स्क्रू बंद करा. सहा मिनिटं काट्यावर नजर ठेवा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त पडत असेल तर गळती नक्की. नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर मी तेवढीही सूट देणार नाही, काटा जवळपास जागेवर राहायला हवा. पडत असेल तर साबणाचं पाणी घेऊन फिरा. आधी तुम्ही लावलेल्या बुचांवर, कारण पहिल्या वेळी तीच गळतात. मग हेडचं पॅकिंग, सिलिंडरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड. मॅग्नेट (वीज तयार करणारं फिरतं चाक) काढून त्या बाजूचं सील. सगळं कोरडं आणि ब्रीदरच्या टोकाला मात्र फुगा फुगतोय, तर वाट क्लच बाजूच्या सीलमधनं किंवा चेंबरच्या मधल्या सांध्यातनं आहे. तिसरं ठिकाण नाही.

या दोघांत निवाडा करायला गियरचं ऑइल काढा, क्लच कव्हर आणि क्लच काढा, पुन्हा दाब भरा आणि सीलवर साबण लावा. सीलच्या ओठाशी किंवा बाहेरच्या कडेशी बुडबुडे आले तर चेंबर वाचला, निदान पुष्कळदा. सील कोरडं आणि तरी ब्रीदर फुगतोय, तर सांधा. मग चेंबर उघडण्याला पर्याय नाही, पण आता तुम्ही कारण माहीत असून उघडताय.

सील बदलायचं तर

काही इंजिनांत क्लच बाजूचं सील बाहेरनं निघतं. काहींत त्याला कडा असते आणि चेंबर अलग केल्याशिवाय ते हलत नाही. स्क्रू घालून ओढण्याआधी हे तपासा. जुनं सील कुठल्या तोंडानं बसलं होतं त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मॅग्नेट बाजूला स्प्रिंगचं तोंड सहसा क्रँककडं असतं. क्लच बाजूला इंजिनागणिक फरक पडतो, तिथं मॅन्युअलचंच ऐकायचं.

काढलेलं सील फेकू नका, वाचा. स्प्रिंग खोबणीतनं सुटली आहे? ठोकून बसवलंय. ओठाला एकाच जागी चीर आहे? क्रँकच्या खाचेवरनं किंवा आट्यांवरनं ते तसंच ओढलंय. ओठ एका बाजूनं जास्त घासलाय? क्रँक डुलतोय. हे शेवटचं असेल तर नवं सील घालून उपयोग नाही. क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. कणभरही खेळ लागला तर बेअरिंग. खेळ नाही तरी कनेक्टिंग रॉड बदलल्यावर क्रँक सरळ केलाच नसेल, असंही घडतं. लहान टू-स्ट्रोकला दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत फेर (फिरताना होणारं डुलणं) असावा लागतो, आणि तो डायल गेज लावूनच दिसतो, डोळ्यानं नाही. उद्यमबागेत लेथ आणि गेज दोन्ही आहेत, काम करणारे हातही आहेत. फक्त "क्रँक नीट करून द्या" असं मोघम न सांगता "फेर किती येतोय ते मला दाखवा" असं सांगा.

क्रँकवर सील जिथं बसतं तिथं नख फिरवा. नख अडकलं तर खोबण पडली आहे. नवं सील एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो का बघा, नाहीतर त्या जागी स्लीव्ह, म्हणजे पातळ धातूची नळी, चढवा.

बसवताना आट्यांवर आणि खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, ओठाला ग्रीस लावा, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाचा बॉक्स पाना किंवा पाईपचा तुकडा ठेवून सरळ दाबा. दुकानात मागताना गाडीचं नाव सांगण्यापेक्षा सीलवरचे तीन आकडे सांगा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कडक झालेलं, वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेलं सील घेऊ नका, दोन बोटांत दाबून बघा.

फोर-स्ट्रोक, येझदी आणि बुलेट

स्प्लेंडरसारख्या गाडीत बांधणीनंतर ब्रीदरमधनं थोडं जास्त येणं पहिल्या काहीशे किलोमीटरांत समजण्यासारखं असतं, पिस्टनच्या रिंगा अजून बोअरला बसत असतात. आधी लेव्हल, मग थोडा धीर. कमी होण्याऐवजी वाढत असेल तर रिंगांची तोंडं एका रेषेत आली आहेत, रिंग उलटी बसली आहे किंवा बोअरच चुकलाय.

मैसूरला बनलेल्या येझदीत प्रायमरी आणि गियरबॉक्सचं ऑइल एकच आणि ते क्रँकपासनं एका सीलनं वेगळं केलेलं, म्हणजे वर सांगितलेली सगळी परीक्षा तिला जशीच्या तशी लागू. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला गियरबॉक्स साफ वेगळा असतो. तिथं गियरबॉक्समधनं ऑइल उसळत असेल तर इंजिनला दोष देण्याआधी किती आणि काय भरलंय ते बघा.

पावसाळ्याआधीची नळी आणि मिस्त्रीशी बोलणं

जांबोटी, कणकुंबीकडं जाणारी गाडी असेल तर ब्रीदरची नळी लांब घ्या, सीटखाली टाकीच्या बुडापर्यंत वर चढवा आणि टोक तिथंच खाली वळवून ठेवा. टोकाला स्पंजचा छोटा तुकडा चालतो, कापडाचा बोळा नाही. तो भिजला की बूचच. गुडघाभर पाण्यात गाडी घातली असेल तर घरी येऊन डिपस्टिक बघायची, दुधाळ दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आणि मिस्त्रीकडे परत जायची वेळ आली तर "तुम्ही इंजिन बिघडवलं" असं म्हणत जाऊ नका. कागद घेऊन जा. ऑइल किती घातलं, किती निघालं, वास आला का, साबणाचा पापुद्रा थरथरला का, बीपीचा काटा सहा मिनिटांत कुठून कुठं आला, बुडबुडे कुठं दिसले. फेसाचा व्हिडिओ असेल तर उत्तम. "काका, मॅग्नेट साइड कोरडी आहे, ब्रीदरला फुगा धरतोय, एकदा क्लच साइडचं सील बघूया का?" असं विचारलं की चांगला मिस्त्री लगेच हातातलं काम बाजूला ठेवतो. मजुरीचंही त्याच वेळी बोलून घ्या: सील चुकीचं बसलं असेल तर मजुरी त्यानं सोसायची, सीलचे आणि ऑइलचे पैसे तुमचे. क्रँकला फेर निघाला तर लेथवाल्याकडं दोघांनी मिळून जायचं.